स्पीकरवरची लाल फुली

"एक्स्क्यूज मी... जरा तुमचे डोळे मिळतील का? दोनच मिनिटं."

तेजल जिन्याच्या वळणावर थबकली. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्यात दूध, ओढणीचं टोक दातांत. शुक्रवार म्हणजे अंबरनाथच्या एमआयडीसीला सुट्टी, आणि शुक्रवार म्हणजेच खरवईत लाइट जायचा वार. लाइट नाही म्हणून लिफ्ट नाही, लिफ्ट नाही म्हणून चार मजले पायी. आणि त्यात तिसऱ्या मजल्यावर दारात उभा राहून कुणीतरी चक्क डोळे मागत होता!

तिनं ओढणी दातांतून सोडली. "फक्त डोळेच? किडनी पण घ्या ना. सुट्टीचा दिवस आहे, ऑफर चालू आहे."

"किडनी नको..." तो गोंधळून म्हणाला. "डोळेच हवे होते."

उंच, सावळा मुलगा. वर इस्त्रीचा निळा शर्ट, खाली घरातला चुरगळलेला पायजमा. छातीशी उघडा लॅपटॉप धरलेला. तो हसला – पण तिच्याकडे बघून नाही, तिच्या डाव्या खांद्यामागच्या मीटरच्या पेटीकडे बघून. मग तेजलला दाराच्या कडीला टांगलेली पांढरी काठी दिसली.

तिची कानशिलं गरम झाली. "सॉरी... मला वाटलं तुम्ही..."

"लाइन मारतोय? नाही हो. म्हणजे, एरवी मारलीही असती, पण आज खरंच वेळ नाही." त्यानं लॅपटॉप थोडा पुढे केला. "मला दिसत नाही. कम्प्युटर मला स्क्रीन वाचून दाखवतो, त्याच्यावर माझं सगळं चालतं. आणि आज सकाळी तो अर्ध्या वाक्यात गप्प झाला. बारा वाजता माझा इंटरव्ह्यू आहे."

"बारा? म्हणजे..." तेजलनं मोबाइल बघितला. साडेदहा वाजून गेले होते.

"आई उल्हासनगरला अस्तराचं कापड आणायला गेलीय. तिला यायला संध्याकाळ होईल. फोनच्या कॅमेऱ्यानं स्क्रीन वाचून बघितली, तर फोन म्हणतो – 'काळी चौकट, बहुधा टीव्ही.'" तो पुन्हा हसला, पण लॅपटॉपच्या कडेवर त्याची बोटं पांढरी पडली होती. "मी यज्ञेश. गणपतीनंतर आलो आम्ही इथे राहायला."

तेजलनं पिशव्या तिथेच जिन्यात ठेवल्या.

"दार उघडंच ठेवा," आत जाताना तो म्हणाला. "बिल्डिंग नवीन आहे, पण माणसं जुनीच आहेत."

घरात तिच्या घरासारखीच खोली होती, तिच्याच खाली बांधलेली. खिडकीपाशी टेबल, कोपऱ्यात शिवणयंत्र, दोरीवर टांगलेले कुणाकुणाचे ब्लाउज. पंखा बंद. ऑक्टोबरचं ऊन खिडकीतून सरळ आत आलेलं. वाऱ्यावर कारखान्यांकडचा तो नेहमीचा केमिकलचा उग्र वास.

"आता सांगा, उजव्या कोपऱ्यात खाली स्पीकरचं चित्र आहे?"

ती वाकली. "आहे. पण त्याच्यावर लाल फुली मारलीय."

त्यानं एक लांब श्वास सोडला. "म्हणजे आवाज कमी केलेला नाहीये. त्याला स्पीकरच सापडत नाहीये. हेडफोन लावून बघितला, तोही मुका. रात्री अपडेट येऊन गेलं असणार."

"मग आता?"

"आता मी बटणं दाबतो, तुम्ही वाचा. बघताय ते सगळं. तुम्ही माझा आवाज."

आवाज हा शब्द तिच्या बाबतीत कुणी कौतुकानं वापरलाच नव्हता. तिचा आवाज जाड होता, घोगरा. शाळेत बाई तिला प्रार्थनेत मागच्या रांगेत उभं करायच्या. गेल्या उन्हाळ्यात कल्याणहून बघायला आलेल्या बाईंनी पोहे संपवून आईला हळूच सांगितलं होतं, "मुलगी छान आहे हो, पण आवाज जरा... पुरुषी वाटतो." त्यानंतर घरात पाहुणे आले की तेजल हळू बोलायची. कारखान्यात मात्र हळू बोलून भागत नसे. पेंटचे डबे बनवणाऱ्या त्या कारखान्यात ती डिस्पॅच बघायची, आणि टेम्पोवाल्यांना हळू आवाज ऐकूच येत नाही.

"तुम्ही चौथ्या मजल्यावरच्या ना?" त्यानं बटणं दाबता दाबता विचारलं. "जिन्यातून जाताना फोनवर टेम्पोवाल्यांना शिव्या घालणाऱ्या?"

"शिव्या नाही घालत! समजावते."

"'भैया, गाडी निकली है या तुम ही निकल लिये?' – हे समजावणं?"

"तुम्ही ऐकता?"

"मला दुसरं काम काय? वाचा, स्क्रीनवर काय आलं?"

स्क्रीनवर एक लांबलचक यादी आली होती. कम्प्युटरच्या पोटात जे जे काही असतं त्या सगळ्याची नावं. त्याची बोटं न बघता झरझर खाली चालली होती, आणि तेजल वाचत होती, अडखळत, घाईनं. कॅमेरा... कीबोर्ड... नेटवर्क... साउंड.

"थांबा! साउंडच्या खाली पिवळा त्रिकोण आहे. त्यात उद्गारचिन्ह."

"हाच तो." त्यानं ती ओळ उघडली. "काय म्हणतोय?"

"'हे उपकरण सुरू होऊ शकत नाही.'"

"वा! हे मलाही माहीत आहे." मग मान किंचित तिच्याकडे वळवून तो म्हणाला, "जरा फास्ट वाचाल? माझा आधीचा आवाज तुमच्या तिप्पट वेगानं वाचायचा."

"मग त्यालाच बोलवा."

"रुसलाय तो. तुम्ही नका रुसू."

तेजलला हसू आलं. तेवढ्यात कोपऱ्यातल्या बॅटरीच्या चित्राकडे तिची नजर गेली आणि हसू विरलं. निम्म्याच्याही खाली होती बॅटरी. लाइट कधी येईल काही भरवसा नव्हता. तिनं सांगितलं, तेव्हा यज्ञेशच्या बोटांचा वेग एकदम वाढला.

"नीट ऐका," तो म्हणाला. "कम्प्युटर आणि स्पीकर यांच्यामध्ये एक दुभाषी असतो. ड्रायव्हर म्हणतात त्याला. हा नवा दुभाषी बिघडलाय. जुन्याकडे परत जायचं बटण आहे का?"

"आहे, पण पुसट आहे. दाबता येत नाही."

"मग ही ओळ काढून टाकू आणि कम्प्युटर पुन्हा चालू करू. बहुतेक वेळा तो स्वतःच सगळं जागेवर बसवतो. आता एक छोटी खिडकी येईल. पूर्ण वाचा मला."

खिडकी आली. तेजलनं पहिली ओळ वाचली – 'हे उपकरण काढून टाकायचं आहे का?' खाली एक रिकामा चौकोन होता, त्यापुढे लिहिलं होतं की ड्रायव्हरही काढून टाकावा. पावणेअकरा... अकरा... वेळ नुसता पळत होता. आणि तेजलच्या मनात आलं, बिघडलाय ना तो दुभाषी? मग ठेवायचा कशाला? विचारत काय बसायचं? डिस्पॅचला ती रोज असेच शंभर निर्णय घ्यायची. तिनं बोट टेकवलं, चौकोनात खूण केली, आणि 'हो' दाबून टाकलं.

"झालं," ती म्हणाली.

"झालं म्हणजे? मी अजून काही दाबलंच नाही..."

"मी दाबलं. वेळ वाचला."

त्यानं बटणांवरची बोटं उचलली. कम्प्युटर बंद होऊन चालू व्हायला लागला. काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके गोल गोल फिरत राहिले. दोघं शेजारी शेजारी बसून वाट बघत राहिले, तो ऐकून आणि ती बघून. शिवणयंत्राजवळच्या घड्याळाची टिकटिक एवढी मोठी असते, हे तेजलला आजवर माहीत नव्हतं.

"कसला इंटरव्ह्यू आहे?" तिला ते शांत बसणं सहन होईना.

"ॲप आणि वेबसाइट तपासायच्या कामाचा. माझ्यासारख्या माणसाला ते वापरता येतं की नाही, कुठे अडकतो, ते सांगायचं. बारा वाजता ते मला एक पान देणार, आणि मी ते एकट्यानं, फक्त ऐकून चालवून दाखवायचं." तो थांबला. "आजवर अकरा... जाऊ दे, मोजत नाही. बऱ्याच ठिकाणी गेलो. कुठे फोन उचलायची नोकरी देतात, कुठे सहानुभूती. ही पहिली जागा आहे जिथे मला दिसत नाही म्हणून मी हवाय."

पडदा उजळला. लाल फुली तशीच होती.

"यादी बघू," तो म्हणाला. "साउंडच्या खाली काय आहे?"

"साउंडच नाहीये... ती ओळच गेली."

"असं कसं?" त्याच्या कपाळावर आठी पडली. "ड्रायव्हर आत असताना ओळ परत यायला हवी. तो कोण काढणार?"

गप्प बसता आलं असतं. त्याला दिसलं नव्हतं. कधी कळलंही नसतं – अपडेटनं केलं, लाइटनं केलं, काहीही सांगता आलं असतं. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो पडद्याकडे तोंड करून, काहीच न दाखवणाऱ्या त्या चौकटीत डोकं घालून विचार करत होता. त्याला दिसत नाही म्हणूनच हे लपवता येत नव्हतं.

"मी काढला," ती म्हणाली. "खिडकीत एक चौकोन होता. ड्रायव्हर काढून टाकायचा का म्हणून. मी तुम्हाला वाचून दाखवला नाही. मीच खूण केली. मला वाटलं..."

"तुम्हाला वाटलं."

त्यानं हे ओरडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

"हॉटेलात गेलो की वेटर माझ्या शेजारच्याला विचारतो, 'ये क्या खायेंगे?'" तो सावकाश बोलत होता, एकेक शब्द मोजून. "बँकेत मामा माझ्या वतीनं सही कुठे करायची ते ठरवतात. रस्ता ओलांडायचा नसला तरी लोक दंड धरून पलीकडे नेऊन सोडतात. सगळ्यांना वाटतं. सगळे चांगलेच असतात. मी तुमच्याकडे डोळे मागितले होते. डोकं माझ्याकडे आहे."

तेजलनं हात टेबलावरून मागे घेतले.

"तुम्ही जा," तो म्हणाला. "थँक्यू."

ती उठली. दारापर्यंत गेली. जिन्यात दुधाच्या पिशव्यांना घाम फुटला होता. मागे त्याची बोटं पुन्हा बटणांवर चालू लागली, अंदाजानं, चाचपडत. एक खिडकी चुकून उघडली, दुसरी मिटली, आणि त्याला त्यातलं काहीच कळत नव्हतं. तेजलला ते बघवेना.

"जाते मी," ती दारातूनच म्हणाली. "पण जायच्या आधी सांगते. आत्ता तुम्ही कॅलेंडर उघडलंय. त्याच्या मागे यादी आहे, आणि यादीत अगदी खाली एक नवी ओळ दिसतेय. 'अनोळखी उपकरण' म्हणून. पिवळा त्रिकोण आहे तिच्यावर."

बोटं थांबली. खाली कुणीतरी स्कूटर चालू केली, ती बंद पडली, पुन्हा चालू केली.

"...नक्की अनोळखीच लिहिलंय?"

"नक्की."

"या. बसा."

ती येऊन बसली. यावेळी खुर्चीच्या अगदी कडेला.

"तुमचे हात कुठे आहेत?" त्यानं विचारलं.

"मांडीखाली. दोन्ही. त्यांच्यावर बसलेय मी."

यज्ञेशचे ओठ हलले. त्यानं हसायचं नाही असं ठरवलं होतं, पण ते ठरवलेलं टिकलं नाही. "ठीक आहे. वाचा. आता फक्त वाचा."

आणि तेजल वाचू लागली. घाई न करता, एकही शब्द न गाळता. ड्रायव्हर शोधू का – होय की नाही. इंटरनेटवर शोधू की याच कम्प्युटरवर. यादीतून निवडायचं का. मोठी यादी आली, कसल्या कसल्या कंपन्यांची नावं. ती एकेक सांगत गेली, तो मान डोलवत खाली जात राहिला. मधेच ती थांबली. "इथे साधंच नाव आहे. 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस.' कंपनीचं नाव नाही."

"तोच. सरकारी शाळेतला मास्तर समजा. कुठल्याही पोराला शिकवतो." त्यानं बटण दाबलं. "काय आलं?"

"धोक्याची सूचना. 'हा ड्रायव्हर या उपकरणासाठी आहे याची खात्री देता येत नाही. बसवल्यास कम्प्युटर अस्थिर होऊ शकतो. पुढे जायचं आहे का? हो. नाही.' ...आणि सध्या 'नाही'वर आहे. बॅटरी लाल झालीय. बाराला दहा मिनिटं आहेत."

"तुम्ही असतात तर काय केलं असतं?"

"मला नका विचारू," तेजल म्हणाली. "तुमचं डोकं."

त्यानं क्षणभर डोळे मिटले. मिटल्यानं त्याला काही फरक पडत नव्हता, पण मिटले. मग एकदा बाणाचं बटण, एकदा एंटर.

काहीच झालं नाही.

हिरवी पट्टी सरकत गेली. संपली. तेजलनं श्वास रोखून धरला होता...

आणि लॅपटॉप बोलला. एकदम, भडाभडा, अर्ध्यातच पकडल्यासारखा. इतक्या वेगानं की तेजलला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. पत्र्यावर वाळू ओतावी तसा तो आवाज. पण यज्ञेशचा चेहरा! त्याचे खांदे सैल पडले, भुवया उंचावल्या, आणि घर सोडून गेलेलं माणूस दारात दिसावं तसा तो हसला.

"हा असा बोलतो?" ती म्हणाली. "याच्यापेक्षा मी बरी."

"खूपच बऱ्या," तो म्हणाला, आणि लगेच गडबडून पॅन्ट शोधायला उठला. "नको, असू दे पायजमाच. टेबलाखाली कोण बघतंय!"

तेजलनं स्वतःचा पॉवर बँक आणून टेबलावर ठेवला, कुठे ठेवला ते सांगितलं आणि दार ओढून घेतलं. तिनं तिथे थांबून चालणार नव्हतं. त्याचं काम त्यालाच एकट्यानं करायचं होतं.

पण घरी तरी कुठे चैन पडत होतं? आईनं, सरस्वतीबाईंनी, "एवढा वेळ दूध कुठे होतं?" म्हणून विचारलं, तर ती "मुकं होतं" असं काहीतरी बोलून गॅलरीत गेली. पायाखालच्या लादीतून खालचं काही ऐकू येतं का, म्हणून कान देऊन उभी राहिली. नीट उघडला असेल का कॉल? अस्थिर तर झाला नसेल? पुन्हा लाल फुली तर...

आणि नेमका तेव्हाच बिल्डिंगच्या फाटकातून भंगारवाल्याचा टेम्पो आत आला. कर्ण्यावर रेकॉर्ड लावलेली. 'पुराना फ्रिज, पुराना कूलर, टूटा फूटा लोहाऽऽ–'

तेजल चपला न घालता चार मजले खाली धावली. एरवी तिनं गॅलरीतूनच त्याला गप्प केलं असतं, पण आज ओरडता येत नव्हतं. ती टेम्पोच्या समोर उभी राहिली, हात जोडले, आणि दम लागलेल्या आवाजात, अगदी कुजबुजत म्हणाली, "भैया... प्लीज... बंद करो. ऊपर इंटरव्ह्यू चालू है."

"किसका?"

शेजाऱ्याचा? मित्राचा? "हमारा," ती म्हणाली.

भंगारवाल्यानं तिच्या अनवाणी पायांकडे बघितलं, कर्णा बंद केला, आणि टेम्पो मागे घेत बाहेर नेला.

संध्याकाळी पॉवर बँक परत आला. यज्ञेशची आई, कुमुदिनीबाई, घेऊन आल्या. "यज्ञेशनं थँक्यू सांगितलंय," एवढंच म्हणाल्या. इंटरव्ह्यू कसा झाला विचारल्यावर "कळवणार म्हणालेत" म्हणाल्या, आणि तेजलकडे जरा जास्त वेळ बघून गेल्या.

तो स्वतः आला नाही. शनिवारी नाही, रविवारी नाही. सोमवारी सकाळी कामावर जाताना तेजल तिसऱ्या मजल्यावर पावलं न वाजवता उतरली. फोनवर टेम्पोवाला होता, त्याला "नंतर करते" म्हणून तिनं फोन कापला. लॅपटॉप बोलायला लागला होता. त्याला आता तिची गरजच काय होती? आणि ज्या मुलीनं त्याचं ऐन वेळी वाटोळं करून ठेवलं होतं, तिच्याशी त्यानं बोलावं तरी का? रात्री उशीवर डोकं टेकलं की तिला 'तुम्हाला वाटलं' हे दोन शब्द ऐकू यायचे, आणि त्यांच्या पाठोपाठ 'खूपच बऱ्या' हे दोन. त्यातले खरे कुठले?

बुधवारी संध्याकाळी कारखान्याच्या गेटवर टेम्पो भरायचं काम रखडलं होतं. एका ड्रायव्हरनं झाकणांचे खोके खाली आणि डबे वर असं उलटं रचून ठेवलं होतं, आणि तेजलचा पारा चढला होता. "अरे बाबा, डब्यांच्या वजनानं झाकणं चेपतील! दिमाग घरपे रखके आया क्या? उतर, सगळं उतर!"

ड्रायव्हर तिच्या मागे बघायला लागला. वॉचमनही. तेजल वळली.

गेटबाहेर, रिक्षांच्या गर्दीत, पांढरी काठी घेऊन यज्ञेश उभा होता. निळाच शर्ट, आज खाली पॅन्ट.

"तुम्ही?" तिचा आवाज एकदम खाली आला. "इथे कसे आलात? कोणी आणलं?"

"रिक्षानं. कोणी आणलं नाही, आलो. कारखाना कुठला ते आईनं तुमच्या आईकडून काढून घेतलं. गेट मात्र मीच शोधलं." तो आवाजाच्या दिशेनं वळला. यावेळी त्याचा चेहरा बरोबर तिच्यासमोर होता. "तुमचं आवरून घ्या. मला घाई नाही. झाकणं आधी."

तिनं झाकणं कशी रचून घेतली ते तिलाच ठाऊक. बदलापूरकडे जाणाऱ्या शेअर रिक्षात ते बसले तेव्हा आत आधीच एक बाई होती, मेथीच्या जुड्यांची पाटी मांडीवर घेऊन. तेजल मधे, यज्ञेश कडेला. रिक्षा निघाली.

"शनिवारी मी तुमच्या दारापर्यंत आलो होतो," तो म्हणाला. "परत गेलो. तुमच्यावर चिडलो ते बरोबर होतं, पण 'जा' म्हणालो ते बरोबर नव्हतं. याची माफी कशी मागायची तेच ठरेना. रोज वाटायचं, जिन्यात आवाज आला की बाहेर येईन. तर आवाजच येईना."

"मी मुद्दाम हळू जात होते."

"मला वाटलं, घर सोडून गेलात की काय. वेड लागायची पाळी आली."

तेजल समोरच्या आरशातल्या स्वतःकडे बघत राहिली. "इंटरव्ह्यूचं काय झालं?"

"दुसरा नंबर. पहिल्यानं नाही म्हटलं तर मी."

"ओह..." (दिवाळीच्या तोंडावर पहिल्यानं खरंच नाही म्हटलं आणि यज्ञेशला बोलावणं आलं. पण त्या संध्याकाळी रिक्षात हे कुणालाच माहीत नव्हतं.) "माझ्यामुळे वेळ गेला तुमचा. शेवटी शेवटी घाईत–"

"नाही. त्या पानात एक चूक होती, ती मला सापडली नाही. चूक माझी आहे, माझीच राहू द्या." मग तो जरा थांबला. "तो भंगारवाला मधेच गप्प झाला ना, तेव्हा मात्र मला कळलं, खाली कोण धावलं असणार ते."

मेथीवाली बाई पाटी सावरायच्या निमित्तानं जरा अलीकडे सरकली.

"ऐका," यज्ञेश म्हणाला. काठीवरची त्याची बोटं पुन्हा पांढरी झाली होती. "लॅपटॉप आता बोलतोय. परवा कंपनीचा ड्रायव्हरही नीट बसवला, एकट्यानं. स्क्रीन वाचायला, चालायला, बँकेत जायला... मला तुमची काही गरज उरलेली नाही."

"बरं," ती पुटपुटली.

"म्हणून विचारायला आलो. गरज असताना विचारलं असतं, तर तुम्हाला नाही म्हणताना जड गेलं असतं. आता बिनधास्त नाही म्हणता येईल. नोकरी पक्की नाही. दिसायचं तर काही नाहीच. आई म्हणाली, आधी नोकरी लागू दे, मग विचार. मला धीर निघाला नाही. मला तुम्ही आवडता, तेजल. तुमचा आवाज आवडतो, भांडणं आवडतात. चूक केल्यावर तुम्ही गप्प बसला नाहीत, ते तर... मला रोज तुमच्याशी बोलायचंय. लग्न करून. म्हणजे आधी विचार करून, घरी सांगून, मग. तुम्हाला चालेल का?"

रिक्षा खडखडत चालली होती. तेजलच्या डोळ्यांपुढून काय काय सरकत गेलं. बाबांचा चेहरा, आईचं रडणं, बिल्डिंगमधल्या बायका, 'चांगली कमावती मुलगी आणि हे काय...' हे सगळं होणार होतं. त्यातलं काहीच खोटं नव्हतं. भीती तर एवढी वाटत होती की तळहात गार पडले होते. आणि तरीही, या माणसानं 'गरज नाही' म्हटल्यावर जो खड्डा पडला होता, तो तिनं आत्ताच अनुभवला होता. त्याच्यापुढे बाकीची कुठलीच भीती मोठी नव्हती.

"खरवई फाटा आया, कोई है?" रिक्षावाल्यानं विचारलं. खरंतर तिघांनाही तिथेच उतरायचं होतं.

"चल रे, पुढं घे," मेथीवाली बाई म्हणाली. "कुणी उतरत नाही अजून."

तेजलनं तिच्याकडे वळून बघितलं. बाई मुळीच ओशाळली नाही. "रखमाबाई म्हणतात मला. माझी मेथी काय, उद्याही विकंल. तू बोल."

तेजलनं मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा, जोरात.

यज्ञेश वाट बघत होता. तिच्या गप्प बसण्याचा प्रत्येक क्षण त्याच्या चेहऱ्यावर उमटत होता. ओठ घट्ट मिटलेले, गळ्यातली घाटी वरखाली होतेय. "असू दे," तो शेवटी हळूच म्हणाला, "लगेच सांगितलं पाहिजे असं नाही..."

"अरं, हो म्हणतीय ती!" रखमाबाईंना राहवेना. "मान हलवून ऱ्हायलीय कवाची! तुला दिसत नाय का?"

"नाही ना, मावशी," यज्ञेश म्हणाला. "आणि तुमच्या तोंडून नको. तिच्या तोंडून ऐकायचंय."

तेजलनं त्याच्या काठीवरच्या मुठीवर स्वतःचा गार तळहात ठेवला.

"हो," ती म्हणाली. "बाबांना मी सांगेन. तू ये, पण मी आधी सांगेन."

"नीट ऐकू आलं नाही. परत एकदा?"

"एकदाच मिळेल," ती म्हणाली. पुढे खड्डा आला, रिक्षा उडाली, मेथीची एक जुडी तिघांच्या पायांत पडली, आणि तेजलनं परत सांगितलं. एवढ्या मोठ्यानं, की शेजारून जाणाऱ्या मोटरसायकलवाल्यानं वळून बघितलं.